जळवांचा नकार

"यात चुकायला जागाच नाही," असं शिवांजलीनं कोरेगावात एसटीत चढतानाच जाहीर केलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेल्या या पुतणीनं हंबीरतात्यांच्या घोट्यावरची, वर्षभर न भरलेली जखम दर रविवारी पारदर्शक कागदावर गिरवून मोजली होती. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांना इतकंच कळत होतं, की आज सांगलीत जळवांनी काम केलं नाही, तर सोमवारी साताऱ्याचा सर्जन मांडीची कातडी काढून घोट्यावर चिकटवणार.

सांगलीच्या वैद्यांनी चिमट्यानं पहिली जळू जखमेच्या काठावर ठेवली. तिनं तोंड पुढे केलं, थबकली आणि रुसलेला व्याही पंगतीतून उठावा तशी निघाली. दुसरीनं तेच केलं. तिसरी पायावरून उतरून थेट ट्रेमध्ये जाऊन बसली. चौथीनंही पाठ फिरवली. बरणीत आता एकच उरली.

तात्यांचा चेहरा पडला. "रक्तच न्हाई राहिलं का काय आमच्यात?"

शिवांजलीनं तात्यांच्या शेजारी बसलेल्या विजयमालाकाकूंकडे रोखून पाहिलं. जळू सुटावी म्हणून तिच्यावर हळद टाकतात, हे तिनं वाचलं होतं. मग हळदीच्या पायाला ती तोंड कशी लावेल? आणि काकू म्हणजे खरचटलं तरी हळद, खोकला आला तरी हळद. तिनं उलटतपासणीच सुरू केली: कधी लावली, किती, ओली की कोरडी. काकूंनी आधी देवाची शपथ घेतली, मग तात्यांच्या पेन्शनची. पेन्शनचं ऐकून तात्याही दचकले.

शेवटी वैद्य वाकले आणि त्यांनी पाय हुंगला.

"हळद नाही ही. साबण कुणी लावलाय?"

शिवांजलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जंतुनाशक साबण, तीन वेळा, दर वेळी दोन मिनिटं, घड्याळ लावून. 'नुसत्या पाण्यानं धुवा' ही वैद्यांची सूचना तिला अपुरी वाटली होती.

वैद्यांनी कोमट पाण्यानं पाय पुन्हा पुन्हा धुतला आणि पाचवी जळू ठेवली. ती थांबली. मग तात्या कळवळले, "आई गं... धरलं," आणि लगेच हसले.

काकूंनी पदर सावरला. "आवं, मी हळद लावाय गेले असते, तर अडवाय समदं घर होतं. शिकल्याल्या पोरीला कोण अडवणार?"

पुढच्या बुधवारी पुन्हा जळवा लावायला येताना काय काळजी घ्यायची, असं शिवांजलीनं खालच्या मानेनं विचारलं.

"काकूंना पाठवा," वैद्य म्हणाले. "तुम्ही घरी थांबा."