डावीकडची गात नाही

आमच्या कुमुदकाकू कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वाजवून बघतात. पातेलं असो, दाराची घंटा असो, नाहीतर प्रेशर कुकर. शिटी 'उतरलेली' आहे म्हणून त्यांनी एक कुकर दोनदा परत केला. तिसऱ्या खेपेला दुकानातच शेगडी पेटवायला लावली आणि चार कुकर वाजवून पाचवा घेतला. दुकानदार अजून मला रस्त्यात भेटला की त्यांची तब्येत विचारतो, पण आवाजात काळजीपेक्षा भीती जास्त असते.

ग्वाल्हेरात गोरखीजवळच्या एका शाळेत काकूंनी तीस वर्षं गाणं शिकवलं. चाळीस मुलींच्या समूहगीतात कोण नुसतेच ओठ हलवतेय हे त्यांना पेटीवरून मान न उचलता कळायचं. "तिसरी रांग, निळी रिबन. कान आहेत की नुसते चष्मा अडकवायला?" ती निळी रिबन माझ्या ताईची होती. ताई आता पन्नाशीच्या पुढे गेली, तरी गणपतीच्या आरतीत नुसत्या टाळ्या वाजवते.

मी काकूंचा शेजारी. इंदरगंजात वकिली करतो. त्यामुळे त्या दिवशी त्या फाईल घेऊन माझ्याकडे आल्या, त्यात नवल नव्हतं.

"श्रीकांत, नोटीस द्यायचीय. मेल्यांनी गाडी बेसूर करून पाठवलीय."

ही गाडी म्हणजे काकूंच्या यजमानांची, डॉक्टरकाकांची. डॉक्टर हाडांचे. आयुष्यभर लोकांचे गुडघे जोडले, एका पैशाची चैन केली नाही, आणि पासष्टाव्या वर्षी जुन्यात एक लाल इटालियन स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, इंजिन पाठीमागे. ग्वाल्हेरच्या स्पीडब्रेकरवरून ती तिरकी तिरकी, साडी सावरत चिखल ओलांडणाऱ्या बाईसारखी जायची. सगळ्या मराठी मंडळींनी डॉक्टरांना वेड्यात काढलं. काकू मात्र पहिल्या दिवशी डोळे मिटून इंजिन ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सूर लागलाय." गाडीच्या बाबतीत नवराबायकोचं भांडण झालं नाही ते एवढ्यामुळेच.

तीन वर्षांनी डॉक्टरांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असतात. कोण आलं, कोण गेलं, काही नाही. पण काकूंना एक गोष्ट सापडली होती. गाडी चालवता येत नसतानाही त्या रोज सकाळी आत बसून इंजिन सुरू करायच्या. आवाज व्हरांड्यात पोचला की डॉक्टरांचा डावा हात खुर्चीवरून चार बोटं वर उठायचा. मी स्वतः पाहिलंय. तेवढंच. मुलगा परदेशातून व्हिडिओवर "बाबा, बाबा" करायचा तेव्हा तो हात उठायचा नाही. गाडीला उठायचा.

मग गाडीतून तेल गळायला लागलं. ट्रकवर चढवून ती दिल्लीला डीलरकडे पाठवली. दीड महिन्याने परत आली. काकूंनी इंजिन सुरू केलं, आणि डॉक्टरांचा हात होता तिथेच राहिला.

काकू पाठीमागे जाऊन सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांपाशी वाकल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेचे पेपर तपासतानाचा होता. "डावीकडची गात नाही," त्या म्हणाल्या. "नुसते ओठ हलवतेय."

डीलरचं उत्तर आलं : "मैडम, कंप्यूटर में कोई फॉल्ट नहीं दिखा रहा." गाडी पुन्हा दिल्लीला. परत आली ती धुऊन-पुसून, आवाज तस्सा, आणि चालवणाऱ्याच्या बाजूची काच वर जाईना. तिसऱ्यांदा पाठवली. काच वर गेली, पण दार आतून उघडेना. काकू सकाळी आत अडकल्या आणि हॉर्न वाजवत राहिल्या. मी धावत जाऊन दार उघडलं, तर माझ्यावरच ओरडल्या, "हॉर्नसुद्धा उतरवलाय बघ!"

या वेळी सोबत चिठ्ठी होती. इंजिनाच्या जाळीत तांदळाचे दाणे सापडले, सबब बिघाडाची जबाबदारी ग्राहकाची. ते दाणे दसऱ्याच्या पूजेतल्या अक्षतांचे होते. काकूंनी कुंकू लावून, वर अक्षता टाकून नमस्कार केला होता. तो त्यांच्या अंगाशी आला.

"अक्षतांनी कोणाचा आवाज बसल्याचं ऐकलंयस?" त्या मला विचारत होत्या, जणू मीच डीलर. "लग्नात भटजी त्याच माऱ्यात उभे राहून ओरडतात ना? मी फोन लावते तर तो मेला उठवतच नाही!"

मी नोटीस लिहिली. ग्वाल्हेरात नोटीस हिंदीतूनच जाते. काकूंनी शब्द न् शब्द सांगितला. 'वाहन का बायाँ सायलेंसर स्वर में नहीं है' हे वाक्य टाइप करताना माझा टायपिस्ट थांबला आणि म्हणाला, "वकील साहब, ये किस धारा में आएगा?" वीस वर्षांच्या वकिलीत एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "काकू, सरळ 'दोषपूर्ण' लिहू या." त्या म्हणाल्या, "दोष काय आहे ते सांगायची लाज वाटते, तर वकील कशाला झालास?"

शेवटी गाडी चौथ्यांदा ट्रकवर चढवली आणि तिच्यामागोमाग आम्ही दोघंही दिल्लीला गेलो. शोरूम इतकं चकचकीत की मी बूट पुसून आत शिरलो. टाय लावलेला तरुण सल्लागार आला, कॉफी आली, कंप्यूटरचा कागद आला. काकूंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्समधून फोन काढून तानपुरा लावला आणि टेबलावर ठेवला.

"बेटा, पहले सा लगाओ."

"जी?"

"सा. कान कुठे आहेत ते कळू दे मला." शेवटचं वाक्य मराठीत होतं, पण त्याला समजलं. त्या बिचाऱ्याने इकडेतिकडे बघत सा लावला. काकू म्हणाल्या, "उतरलंय," आणि किंमत विचारायला आलेली दोन माणसं न विचारताच निघून गेली. मी काचेतून बाहेरची वाहतूक बघत उभा राहिलो.

तेवढ्यात वर्कशॉपमधून एक म्हातारा मेकॅनिक आला, हात पुसत. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पाठीमागे बसून आधी उजव्या नळीमागे तळहात धरला, मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. "मैडम सही कह रही हैं," तो म्हणाला. तेलाचं काम करताना त्यांनी सायलेन्सर उतरवले होते आणि डावीकडची झडप उलटी बसवली होती. वारा अर्धाच बाहेर पडत होता. कंप्यूटरला त्याचा पत्ताच नव्हता. काकू त्याच्याशी इतकं गोड बोलल्या की मला क्षणभर ओळखू आल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी गाडी आली. काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. डॉक्टरांना नवा सदरा घातला होता, केस नीट विंचरले होते. खुर्ची व्हरांड्याच्या अगदी कडेला आणली होती.

काकू गाडीत बसल्या. इंजिन सुरू झालं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो आवाज मलासुद्धा कळला. दोन्हीकडून सारखा, भरलेला, पोटात घुमणारा. काच खाली होती, त्यामुळे मला काकूंचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले, आणि गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मग त्यांनी डोळे उघडून व्हरांड्याकडे पाहिलं.

डॉक्टरांचा हात खुर्चीवर होता.

काकूंनी ॲक्सिलरेटर जरा दाबला. आवाज वाढला, समोरच्या झाडावरची कबुतरं उडाली. पुन्हा दाबला. मी डॉक्टरांच्या बोटांकडे इतका वेळ पाहत राहिलो की एकदा मला ती हलल्यासारखी वाटली. ती हलली नव्हती. मी दुसरीकडे बघू लागलो.

इंजिन बंद झालं. काकू बाहेर आल्या, डॉक्टरांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसून राहिल्या.

"उतरलंय," त्या म्हणाल्या. "अजून उतरलेलंच आहे, श्रीकांत. परत पाठवावी लागेल."

ज्या बाईने माझ्या ताईला एका श्रुतीची सूट दिली नाही, ती माझ्यासमोर सुराबद्दल खोटं बोलत होती.

"पाठवू या," मी म्हटलं. कागद घेऊन त्यांच्याजवळ बसलो, तारीख टाकली, विषय लिहिला : वाहन की दोषपूर्ण मरम्मत. "काकू, काय लिहू? काय बिघडलंय?"

त्या अंगठ्याने डॉक्टरांची बोटं एकेक करून चोळत होत्या.

"तूच लिही ना काहीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही सांगता येत."