मेंढ्या, अग्निशमन आणि एक पंचवादन

ओटोकार विंडिशबाउअर यांचा जन्म सत्तावीस जानेवारीला झाला, आणि ही चूक त्यांना पुढे आयुष्यभर दुरुस्त करता आली नाही. कारण मोझार्टचा जन्मही त्याच तारखेचा. त्या दिवशी आमच्या प्रांताचं अभिजात संगीताचं रेडिओ केंद्र पहाटेपासून मोझार्ट लावतं, आणि तो संपत नाही.

ओटोकार हे आमच्या श्टायर गावातल्या चर्चचे निवृत्त ऑर्गनवादक; मानानं लोक त्यांना प्रोफेसर म्हणत. क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी त्यांनी एक पंचवादन रचलं होतं. केंद्रानंच ते पस्तीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलं आणि कपाटात ठेवलं. सव्वीस मिनिटांची रचना. ओटोकारांकडे तिची एक टेप होती, आणि त्यांनी काहीतरी रचलंय एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ऐकलं कुणीच नव्हतं.

पंच्याहत्तरी जवळ आली तसे ते लिंझ शहरातल्या केंद्रावर गेले. दिनविशेष विभागाच्या प्रमुख रोझविटा क्रोनबर्गर यांनी त्यांना आदरानं बसवलं, कॉफी मागवली.

"प्रोफेसर, रचना सुंदर आहे. मी स्वतः ऐकलीय. फक्त निमित्त काय दाखवायचं?"

"सुंदर आहे म्हणालात ना? मग तेच."

"ते निमित्त नाही हो, ते मत झालं." रोझविटाबाईंनी वही उघडली. "मृत संगीतकाराला पन्नास, शंभर असा गोल आकडा असेल तर अख्खा दिवस. पंचवीस, पंच्याहत्तर असे अर्धगोल असतील तर एक तास. बेथोव्हेनचा जन्म सोळाचा की सतराचा ते नक्की नाही, म्हणून त्याला दोन्ही दिवस. हयात लोकांना सणावारात कुठे फट मिळाली तर. तुमची पंच्याहत्तरी आहे, पण नेमकी मोझार्टवर येते."

"वर्षात एखादा रिकामा दिवस असेलच की."

"होता. चौदा ऑक्टोबर. मग कळलं की त्या दिवशी जागतिक मानक दिन असतो. आता आम्ही ठोके एकसारखे असलेल्या रचना लावतो." त्या पुढे झुकल्या. "तुमच्या पंचवादनात बर्फ आहे का? घंटा? निदान मेंढ्या? मेंढ्या असल्या तर नाताळात बसवते."

दुसरा, संथ भाग ओटोकारांनी आई गेली त्या आठवड्यात लिहिला होता. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "दुसऱ्या भागात... मेंढ्या म्हणता येतील."

घरी येऊन त्यांनी त्या भागाला 'गव्हाणीपाशी मेंढपाळ' असं नाताळच्या देखाव्याला शोभणारं नाव दिलं. पत्नी हेर्मिना यांनी ते वाचलं आणि पुन्हा बटाटे सोलायला घेतले.

नोव्हेंबरात पत्र आलं. यंदाच्या नाताळात मेंढपाळांची संख्या मर्यादेबाहेर गेली असून नव्या मेंढ्या घेणं शक्य नाही, तरी क्षमस्व. मग ओटोकारांनी लाजत खरं कारण कळवलं आणि मातृदिनासाठी अर्ज केला. त्यावर उत्तर असं, की मातृदिनाला फक्त हयात मातांचं संगीत लागतं. दिवंगत माता दोन नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतात्म्यांच्या दिवसात मोडतात, आणि त्या दिवशी गायनवृंद अनिवार्य असतो. क्लॅरिनेट हा गायनवृंद नव्हे.

आपण हास्यास्पद होतोय हे ओटोकारांना कळत नव्हतं असं नाही. उलट आरशात दाढी करताना ते स्वतःला "या, मेंढपाळ" म्हणायला लागले होते. पण एकदा नाव बदलल्यावर दुसऱ्यांदा बदलणं सोपं जातं. चार मे हा संत फ्लोरियानचा दिवस. फ्लोरियान आमच्या प्रांताचा आणि अग्निशामक दलाचा रक्षक. तिसरा भाग द्रुत होता. ओटोकारांनी त्याला 'पाण्याचे बंब निघाले' असं नाव दिलं.

तो मंजूर झाला. सकाळी सहा पन्नासला, हवामानाच्या आधी, पावणेचार मिनिटं. गावच्या अग्निशामक दलानं अभिनंदनाचा ठराव केला. चार मेला आम्ही सगळे रेडिओपाशी बसलो, तर पियानो लागला. पियानोचा शोध लावणाऱ्या इटालियन कारागिराचा जन्म चार मेचाच, हे आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

ओटोकार पुन्हा लिंझला गेले. या वेळी रोझविटाबाईंनाच वाईट वाटलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"खरं म्हणजे दाखवायचं नसतं. पण तुमचा कार्यक्रम तयार आहे, प्रोफेसर. तीन वर्षांपासून."

"माझा?"

"आठवणींचा. सत्तरीनंतर आम्ही सगळ्यांचा करून ठेवतो. तिथे निमित्त आपोआप मिळतं."

त्यांनी तो लावला. निवेदक हलक्या आवाजात, सगळं भूतकाळात बोलत होता. मग पंचवादन लागलं, चारही भाग, न कापता, मूळ नावांनी. ओटोकारांचे डोळे भरून आले. इतकं चांगलं आपल्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

"हे कधी लागेल?" त्यांनी विचारलं आणि विचारता विचारता त्यांना उत्तर समजलं.

"ते सर्वस्वी तुमच्यावर आहे," रोझविटाबाई म्हणाल्या. "फक्त जानेवारी आणि डिसेंबर टाळता आले तर बघा. ऑगस्ट उत्तम. ऑगस्टात कुणीच नसतं."

घरी त्यांनी हे सांगितल्यावर हेर्मिना म्हणाल्या, "त्या दिवशी रेडिओ ऐकायला मला कुठली उसंत? त्यापेक्षा लोकांना घरीच बोलाव की. टेप आहे ना आपल्याकडे?"

बारा जूनला दुपारी चार वाजता आम्ही आठ-दहा जण त्यांच्या घरी गेलो. कशासाठी ते बोलावण्याच्या चिठ्ठीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी खबरदारी म्हणून फुलं नेली. शेजारच्या लेहनरबाईंनी दारातच विचारलं, "पण आज आहे काय, ओटोकार?"

"गुरुवार आहे," ते म्हणाले. "पंचवादन ऐकवायचंय, बस."

टेप लागली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. औषधवाले गाइसलर हेर्मिनांच्या कानाशी लागले, "रिपोर्ट आले का डॉक्टरांचे?" लेहनरबाईंनी पर्समधून रुमाल काढून हातात धरला, पुढे मागे लागला तर असावा म्हणून. संगीत कुणाच्याही कानात शिरत नव्हतं. ओटोकारांना ते दिसलं. त्यांनी टेप थांबवली आणि खाली मान घालून उभे राहिले.

तेव्हा हेर्मिना उठल्या. "आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे आज," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचा संकोच वाटतो."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या झाल्या, फुलं दिली गेली. ओटोकारांनी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि सव्वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. संथ भागात लेहनरबाई खरोखर रडल्या. इतकं सुंदर संगीत रेडिओवाले लावत कसे नाहीत, याबद्दल आम्ही जाताना फाटकापाशी बराच वेळ संताप व्यक्त केला.

लग्न ऑक्टोबरातलं होतं, हे गाइसलरना चर्चच्या नोंदवहीतून पुढे कळलं. पण तोवर सवय लागली होती. आता दर बारा जूनला आम्ही फुलं घेऊन जातो, ते टेप लावतात, आणि दर वर्षी ती जास्तच आवडते. मधल्या तीनशे चौसष्ट दिवसांत ती ऐकायला मागावी असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलेलं नाही. तुमच्याही आलं नसतं. तुम्ही फार तर तारीख लिहून घेतली असती.