जाळीवाल्यांकडचा पाहुणा

"माझ्या जाळीतून पाखरूच काय, पाखराची सावलीसुद्धा आत येणार नाही!" जाळीवाले हे छातीठोकपणे सांगत. कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कन्यांना जाळ्या बसवणं हा त्यांचा धंदा, आणि स्वतःचं तळमजल्यावरचं घर म्हणजे धंद्याची जाहिरात. बाल्कनी, खिडक्या, न्हाणीघराचा झरोका, सगळीकडे जाळी! "आता मीच तेवढी उरलेय," असं बायको म्हणायची.

त्या दिवशी पलीकडच्या मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष नमुना बघायला येणार होते. पसंत पडला की अख्ख्या इमारतीचं काम! मग भाड्यानं दुकान घ्यायचं आणि पलंगाखाली, कपाटावर, सोफ्यामागे कोंबलेली जाळीची बंडलं तिकडे हलवायची, असं वचन त्यांनी बायकोला दिलं होतं. बिचारी त्या आशेवर सकाळपासून फरशी पुसत होती.

जाळीवाले बाहेरून शिडी घेऊन आले. शिडी आत ओढताना दार सताड उघडं राहिलं. शिडी भिंतीला टेकवून त्यांनी दार लावलं, मागे वळले, तर बैठकीत बगळा! तळ्यावरचा, राखाडी, चांगला कमरेएवढा उंच. शिडीमागोमाग चालतच आला होता, आणि आता एका पायावर उभा राहून घर भाड्यानं घ्यावं की नाही याचा विचार करत होता.

"अगं ए! हे काय आलंय?"

"दार उघडा, आला तसा जाईल," हातातलं फडकं न सोडता बायको म्हणाली.

"दारातून? आणि समोरून अध्यक्ष आले म्हणजे? जाळीवाल्याच्या घरातून बगळा निघताना दिसला, तर धंदा बसलाच समज! मागून काढू, बाल्कनीतून."

"बाल्कनीला जाळी आहे."

"मग?"

"तुम्हीच लावलीय. सावलीसुद्धा..."

"कळलं, कळलं!"

त्यांनी टॉवेल झटकला. बगळ्यानं नुसती चोच पुढे केली आणि जाळीवाले सोफ्यावर चढले! मग बगळा आपल्याच मर्जीनं बाल्कनीत गेला. जाळीवाले दबकत मागे. त्यांनी जाळीची कड ओढली, हलेना. लोंबकळले, तरी हलेना! आपल्या हातचं काम इतकं पक्कं असेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कात्री आण!"

आधी बगळ्याएवढं भोक झालं, मग खात्रीसाठी बगळ्याच्या खानदानाएवढं. "जा बाबा, जा!" बगळ्यानं भोक नीट पाहिलं, मान वळवली आणि परत बैठकीत निघून गेला. समोरच्या भिंतीवर कधीपासून ताटकळलेली दोन कबुतरं मात्र त्याच भोकातून आत आली.

तेवढ्यात बेल वाजली.

"उघडू नकोस!" जाळीवाले ओरडले, पण बायकोनं दार उघडलंच. दारात अध्यक्ष! बगळा त्यांच्यासमोर क्षणभर थांबला. अध्यक्षांनी अदबीनं बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"हे कोण?"

"पाहुणे होते. निघालेच होते," बायको म्हणाली.

अध्यक्ष थेट बाल्कनीत गेले. दोरीवर कबुतरं घुमत होती आणि भोकाच्या कडा वाऱ्यावर फडफडत होत्या. पण जाळीवाले डगमगले नाहीत.

"साहेब, भोकाकडे बघू नका, जाळी बघा! काय मजबूत माल! कापताना मला घाम फुटला!"

"कळवतो," अध्यक्ष म्हणाले आणि न बसताच गेले.

बायकोनं पलंगाखालच्या बंडलांकडे पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकून ती बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली.

बाल्कनीत एका कबुतरानं जाळीचा कापलेला तुकडा चोचीत धरला, ओढून ताणून पाहिला आणि कुंडीमागे नेऊन अंथरला. मग दुसरा आणायला आलं.

"चला," बायको म्हणाली, "कुणाला तरी तुमचा माल पसंत पडला!"