रंग गेलेला कॅमेरा

कुवाबारांनी नवा कॅमेरा घरी आणला आणि बूट काढता काढताच बायकोला थाप मारली. दुसरा इलाजच नव्हता. पगार झाला की तो सगळा सुमिएच्या हातात जायचा आणि ती नवऱ्याला महिन्याचा हातखर्च मोजून द्यायची. शेजारीपाजारीही हीच तऱ्हा. त्या हातखर्चातून दुपारचं जेवण टाळून, बिअरवर पाणी सोडून त्यांनी कित्येक वर्षं चोरून पैसे साठवले होते. हे कळलं असतं तर कॅमेरा गेलाच असता, वर हातखर्चालाही कात्री लागली असती.

"केवढ्याला पडला?" सुमिएने विचारलं.

"अगं, फुकटातच म्हण. जुन्या बाजारात पडून होता. बिघडलाय. रंगच येत नाहीत त्यात."

यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. तो कॅमेरा फक्त कृष्णधवल फोटो काढायचा, आणि रंग नाहीत म्हणूनच रंगीत कॅमेऱ्याहून कितीतरी महाग होता. सावल्या त्यात कशा मखमली उतरतात, काळ्यातसुद्धा किती प्रकारचे काळे असतात, हे तोक्योच्या दुकानदाराने समजावलं तेव्हा कुवाबारांना भरून आलं होतं. आता हे बायकोला समजावायला छाती कुणाची होती?

"मोडकंतोडकं कशाला आणायचं घरात?" सुमिए म्हणाली. "जाऊ दे. जीव रमतोय ना तुमचा, झालं तर."

कुवाबारांचा जीव फारच रमला. त्यांनी सज्जात वाळत टांगलेल्या केशरी पर्सिमन फळांचे फोटो काढले.

"हे बटाटे कुणी टांगले हो?" सुमिएने फोटो पाहून विचारलं.

मग नात तीन वर्षांची झाली म्हणून तिला आशीर्वादासाठी मंदिरात न्यायचं होतं. सुनेने चार दुकानं पालथी घालून लालभडक किमोनो आणला होता. फोटोत तो राखेसारखा दिसला. सून पुढचे दोन रविवार आलीच नाही.

शेवटी त्यांनी सुमिएचाच फोटो काढला. काय उतरला होता! त्यांनी तो हौसेने काळ्या चौकटीत बसवला आणि कानाझावाला मेहुणीकडे पाठवून दिला. दोन दिवसांनी फोन वाजला. सुमिएने उचलला.

"काळ्या चौकटीतला फोटो मिळाला. कशाने गेली हो आमची सुमिए?" पलीकडे ताई हमसून हमसून रडत होती.

"ताई, मीच बोलतेय. कुठे गेले नव्हते मी, घरातच आहे."

तिकडून किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

"अहो, तो कॅमेरा दुरुस्तीला टाका," सुमिएने त्या संध्याकाळी बजावलं. "माणसं मारायला लागलाय."

"नाही गं होत तो दुरुस्त. सुटे भागच मिळत नाहीत."

शनिवारी कुवाबारा ऑफिसच्या मंडळींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले. परत आले तर टेबलावर एक कोरा खोका होता, आणि ओट्यावर नवा भाताचा कुकर.

"आधी बसा," सुमिए म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "स्टेशनजवळच्या दुकानात दिला तुमचा कॅमेरा. रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही मी. आणि तो वेडा! नीट तपासलासुद्धा नाही. नुसता हातात धरून 'वा, वा' करत बसला. बदल्यात हा नवाकोरा रंगीत दिला, वर रोख पैसे! त्यातच कुकर आला. वाईट वाटलं हो मला बिचाऱ्याचं."

कुवाबारा बसलेच होते, तरी त्यांनी टेबल धरलं.

"छान झालं," ते म्हणाले.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला व्यवहार कळतो हे मला आज कळलं," सुमिए म्हणाली आणि तिने त्यांच्यासाठी बिअरची बाटली उघडली. "उद्या रविवारच आहे. त्या जुन्या बाजारात मीही येते तुमच्याबरोबर. असले बिघडलेले आणखी दोनचार मिळाले तर घेऊनच येऊ."