खाडीकडे तोंड केलेला भोंगा

आमच्या शेजारच्या हिरामण नाखवाच्या छपरावर दोन भोंगे आहेत. एक कोळीवाड्याकडे, दुसरा खाडीकडे. खाडीत ऐकायला कोण बसलंय? "मासळी ऐकत असेल," असं आमची ही म्हणते. वाऱ्याने तो भोंगा फिरला, तर नाखवा या वयात शिडी लावून चढतो आणि पुन्हा खाडीकडे वळवतो.

होडी विकल्यापासून त्याने हा उद्योग मांडलाय. ओट्यावर माईक, संध्याकाळी कुणीही यावं, हवं ते बोलावं. "तोंड देवानं दिलंय, त्याला कुलूप लावनारा मी कोन?" पण अटी दोन. आधी आपलं नाव सांगायचं. आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोरच्या खुर्चीत हजर पाहिजे. "जाब देनारा न्हाय, तर बोलनं न्हाय."

तुंबलेल्या गटारावरून मी एकदा सरपंचांच्या नावाने खडे फोडायला गेलो. नाखवाने मला थांबवलं आणि न्हाव्याकडून सरपंचांना अर्ध्या दाढीनिशी उचलून आणलं. समोर साबण लावलेला गाल बघून माझ्या निम्म्या शिव्या घशातच राहिल्या. उरलं ते खरं होतं. गटार साफ झालं.

गेल्या साली गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, की यमुनाबाई सुक्या बोंबलांवर औषध मारते. बाई विधवा, बोंबलांवरच तिची चूल. गिऱ्हाईक बघता बघता तुटलं.

नाखवाने तिला खुर्चीत बसवलं, माईक चालू केला. "मी हिरामन बोलतोय. ज्यानं लिवलं, धाडलं, त्यानं हितं येऊन तिच्या तोंडावर बोलावं."

कोणी येईना. माईक तसाच चालू. अख्ख्या वाड्याला भोंग्यातून यमुनाबाईचे हुंदके ऐकू येत होते. मला माझ्या घरात बसवेना, म्हणून मीही ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

शेवटी ग्रुपवरचा वाघ गणपत आला, मान खाली घालून. "मी गनपत. मी काय बगितलं न्हाय. आलं ते पुढं धाडलं. चुकलं माजं."

यमुनाबाई डोळे पुसून उठली आणि घरी गेली. गणपतला मात्र लाज झोंबली. "नाखवा, तुमची बायको भांडून माहेरी गेली ती आली न्हाय. चूक कुनाची, ते पन सांगा की माईकवर."

नाखवाने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "ती कुठं हाय हितं?" एवढंच म्हणाला आणि गणपतला चहा दिला. दुसऱ्या दिवशी यमुनाबाईच्या दारात पहिलं गिऱ्हाईक गणपतच होता.

गणपत आला त्या संध्याकाळीही माईक बंद करताना नाखवा रोजचंच बोलला. "मी हिरामन. वारा पडलाय. मी बरा हाय, दिवा लावलाय." यावर आम्ही नेहमी हसायचो, याला विचारलंय कुणी? त्या दिवशी मात्र माझं लक्ष भोंग्याच्या तोंडाकडे गेलं. खाडीपल्याडच्या गावात दिवे लागत होते.

"नाखवा, वहिनींचं माहेर कुठलं हो?"

त्याने हनुवटीने पलीकडे दाखवलं.

"मग तुमचा नियम?"

"तिच्याबद्दल कवा बोललो मी? तिच्याशी बोलतो," नाखवा म्हणाला. "ऐकू जात असंल, तर दील जाब कवातरी."

आणि खुर्ची तशीच ओट्यावर ठेवून तो आत गेला.