बारकूला बाबा म्हणायचं

मोहरी पाच वर्षांची झाली तरी बापाला ‘बारकू’च म्हणत होती. आईला ‘गुंडी’ म्हणत होती. “बारकू, माझ्या बुटाची नाडी बांध,” असं ती भर रस्त्यात थांबून म्हणायची आणि नव्वद किलोचा बारकू गुडघे कुरकुरत खाली वाकायचा.

यात पोरीची काही चूक नव्हती. बारकू जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता, म्हणून त्याच्या आईने त्याला बारकू म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याने अंग धरलं आणि ते धरतच गेला, पण नाव काही वाढलं नाही. सासूचं ऐकून बायकोही बारकू म्हणू लागली. बायको शाळेत असताना रोज गणवेशाची एक गुंडी हरवून यायची, म्हणून ती गुंडी. दुसरा अर्थ कोणाला घ्यायचा असेल तर त्याने तो स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. आता ती घरी शिवणयंत्रावर बसून गावभराच्या कपड्यांना गुंड्या लावायची. अशा घरात आकाराने लहान आणि सदा तडतडणारी मोहरी आली आणि जे कानावर पडलं ते बोलू लागली, एवढंच.

बारकूला सुरुवातीला याची मजाच वाटायची. पण एका संध्याकाळी तो तिला बागेत घेऊन गेला. घसरगुंडीवरून पोरं ओरडत होती, “बाबाऽऽ, बघा!” की बाकावरचा एकेक बाप कौतुकाने मान वर करायचा. मग वरून खणखणीत आवाज आला, “बारकूऽऽ! इकडे बघ, मी उलटी येतेय!”

शेजारच्या गृहस्थांनी बारकूकडे आपादमस्तक पाहिलं. “तुम्ही या मुलीच्या घरी कामाला आहात का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. मुलगी आहे माझी.”

“असं, असं,” ते गृहस्थ म्हणाले आणि थोडे सरकून बसले.

बारकूच्या मनाला ते फार लागलं. घरी येऊन तो गुंडीला म्हणाला, “मला एकदा तरी तिच्या तोंडून बाबा ऐकायचंय गं. जगातल्या सगळ्या बापांना फुकटात मिळतं ते. मी काय घोडं मारलंय?”

गुंडीने शिलाई थांबवली. एरवी ती हसली असती, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. “ती आपलं ऐकूनच शिकते ना?” ती म्हणाली. “मग आपणच बदलू. आजपासून मी तुला बाबा म्हणते, तू मला आई म्हण.”

रात्रीच्या जेवणाआधी फ्रीजवर कागद लागला. बारकू म्हणजे बाबा, गुंडी म्हणजे आई, आई म्हणजे आजी. जो चुकेल त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. बारकूने पहिले तीन दिवस ओळीने भांडी घासली आणि चौथ्या दिवसापासून झोपेतसुद्धा बायकोला आई म्हणू लागला.

अडचण आली ती त्याच्या खऱ्या आईची. आजी सत्तरीच्या असूनही रोज तीन किलोमीटर चालायच्या आणि शब्दाला शब्द द्यायच्या. “आजी, माझा डबा कुठाय?” असं बारकूने म्हणताच त्या कडाडल्या, “नऊ महिने पोटात काय आजी म्हणून बाळगला होता तुला?”

“अगं आई, ते फक्त मोहरीसाठी...”

“भांडी!” यंत्राच्या खोलीतून गुंडी ओरडली.

मोहरी हे सगळं नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखी बघत होती. आठव्या दिवशी तिने गंभीरपणे विचारलं, “गुंडी, तू बारकूची आई कधी झालीस?”

“अगं, त्याची नाही. मी तुझी आई आहे.”

“ते मला माहितेय,” मोहरी म्हणाली आणि रंगपेटी घेऊन निघून गेली. थोडक्यात, मोठी माणसं पूर्ण तयार झाली होती, आणि जिच्यासाठी हा खटाटोप चालला होता ती होती तिथेच होती.

बारकू पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. दुरुस्त झालेले मीटर एका लांब टेबलावर ओळीने बसवायचे, त्यांतून पाणी सोडायचं आणि काटे बरोबर फिरतात का ते बघायचं, हे त्याचं काम. पाण्याच्या आवाजामुळे तिथे सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय होती. दहाव्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला.

“बाबा, मी पडले!” गुंडी कळवळून म्हणाली. “पडदा लावताना स्टुलावरून. पाय मुरगळलाय.”

“काय? पडलीस?” बारकू ओरडला. “आई, हलू नकोस! आई, रडू नकोस गं, मी आलोच!”

टेबलावरच्या सगळ्यांनी हे ऐकलं. स्टोअरकीपरनेही ऐकलं. या माणसाकडे एक वॉशर मागितला तर दोन दिवस लागायचे, पण बातमी मात्र तो हातोहात पोचवायचा. बारकू हात पुसून साहेबांच्या खोलीत पोचला तोवर स्टोअरकीपर तिथून बाहेर पडत होता.

साहेब रजेच्या बाबतीत मोठे कडक. रजेच्या अर्जाकडे ते असे बघायचे की अर्ज देणाऱ्याला स्वतःचं दुखणं खोटं वाटू लागायचं. पण आज ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

“आई पडल्या म्हणे?”

“हो साहेब. स्टुलावरून.”

“अहो, या वयात स्टुलावर कशाला चढू देता?”

“पडदा लावत होती. किती सांगितलं तरी ऐकत नाही.”

“माझीही नाही ऐकायची,” साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “मागच्या वर्षी गेली. जा तुम्ही. चार दिवस इथे तोंड दाखवू नका. आई एकदाच मिळते हो माणसाला.”

बारकूला हे ऐकून भरून आलं. रजा इतक्या मायेने मिळते हे त्याला माहीत नव्हतं. बस दोन थांबे पुढे गेल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याने कपाळावर एवढ्या जोरात हात मारला की कंडक्टरने वळून पाहिलं. पण उद्या शांतपणे सगळं सांगून टाकू, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

डॉक्टरांनी गुंडीच्या पायाला पट्टी बांधली आणि पाय उशीवर ठेवून पडून राहायला सांगितलं. संध्याकाळी बारकू स्वयंपाकघरात शेकायची पिशवी गरम पाण्याने भरत होता. अर्धा लोंबणारा पडदा आजींना बघवेना, म्हणून त्या त्याच स्टुलावर चढून खिळा ठोकत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. दार मोहरीने उघडलं. बाहेर साहेब उभे होते आणि त्यांच्या मागे सफरचंदांची पिशवी घेऊन स्टोअरकीपर.

“बाळ, आई कशी आहे?” साहेबांनी हळव्या आवाजात विचारलं.

“कुठली?” मोहरी म्हणाली. “आमच्याकडे दोन आहेत.”

साहेब जरा गडबडले. “पडलीय ती.”

“ती त्या खोलीत झोपलीय. दुसरी स्टुलावर आहे.”

साहेब पाय न वाजवता खोलीच्या दारापर्यंत गेले. पलंगावर चौतिशीची एक बाई पाय उशीवर ठेवून मासिक वाचत होती. साहेब तसेच मागे आले. “ह्या आई?” ते पुटपुटले.

“सावत्र असतील, साहेब,” स्टोअरकीपर कुजबुजला. “वडिलांनी उतारवयात केलं असेल.”

गुंडीला चाहूल लागली. “बाबा, कोण आलंय हो?” तिने आतून हाक मारली. ‘हो’ हे तिने पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून लावलं होतं.

“आलो, आई!” म्हणत बारकू गरम पिशवी घेऊन बाहेर आला आणि साहेबांना बघून जागच्या जागी थिजला. स्टोअरकीपरच्या डोक्यात नात्यांचा असा काही गुंता झाला की त्याने सफरचंदांची पिशवी पोटाशी घट्ट धरली.

“साहेब, मी उद्या सांगणारच होतो,” बारकू म्हणाला. “ही आई म्हणजे आई नाही. म्हणजे आहे, पण माझी नाही.”

“मग तुमची कुठली?” साहेबांचा आवाज आता रजेच्या अर्जाचा झाला होता.

त्याचं उत्तर वरून आलं. “बारकूऽऽ! पाहुणे नंतर कर, आधी तो दुसरा खिळा दे इकडे!” पडद्यामागून आजी बाहेर आल्या. एका हातात हातोडी, दुसऱ्यात पडद्याच्या दोन कड्या, आणि हाडं सगळी शाबूत.

मग बारकूला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. बाग, बाकावरचे गृहस्थ, फ्रीजवरचा कागद, भांडी. सांगता सांगता त्याचे कान लाल झाले. “खोटं बोलायचं नव्हतं साहेब,” तो शेवटी म्हणाला. “तोंडाला वळण पडलं होतं हो. हिने एकदा बाबा म्हणावं, एवढ्यासाठी केलं सगळं.”

साहेबांनी तो कागद जाऊन वाचला. त्यांचे खांदे हलू लागले. मग ते मोठ्याने हसले, आजी हसल्या, आतून गुंडी हसली, आणि स्टोअरकीपर तर भिंतीला टेकून हसला.

“बारकू!” स्टोअरकीपर डोळे पुसत म्हणाला. “एवढा मोठा देह, आणि बारकू! काय बारकूसाहेब, उद्या टेबलावर सगळ्यांना सांगतो बघा.”

“खरंच की,” साहेबही रंगात आले. “काय हो बारकू, रजा किती दिवसांची...”

“ए!”

सगळ्यांनी खाली पाहिलं. मोहरी दोन्ही हात कमरेवर ठेवून साहेबांच्या पुढ्यात उभी होती. तिचं नाक लाल झालं होतं.

“माझ्या बाबांना बारकू नाही म्हणायचं!” ती म्हणाली. “ते आमचं घरातलं नाव आहे. तुम्ही घरातले आहात का?”

“नाही गं बाळ,” साहेब म्हणाले.

“मग! शाळेत पण मी कुणाला सांगत नाही. शाळेत मी माझे बाबाच म्हणते. माझे बाबा पाणी मोजतात, असं सांगते.” मग ती स्टोअरकीपरकडे वळली. “आणि तुम्ही टेबलावर सांगितलंत तर मी येईन तिथे.”

स्टोअरकीपरने मुकाट्याने सफरचंदं तिच्या हातात दिली. बारकू गरम पिशवी छातीशी धरून उभा होता. पिशवीचं पाणी त्याच्या शर्टावर ठिबकत होतं, पण त्याला चटका लागत नव्हता. ज्या शब्दासाठी तो एवढा झुरला, तो शब्द शाळेत रोज वापरात होता आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

“चुकलं माझं,” साहेब मोहरीला म्हणाले. मग ते खुर्चीवर बसले. “बरोबर आहे तिचं. मलाही एक घरातलं नाव होतं. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही.”

“काय होतं ते?” आजींनी स्टुलावरून उतरत विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं, स्टोअरकीपरकडे एक नजर टाकली आणि तोंड मिटलं. “सांगेन कधीतरी,” ते म्हणाले. बारकूची चार दिवसांची रजा दोन दिवसांवर आली, चहा झाला, आजींनी मारलेल्या खिळ्याचं कौतुक झालं आणि पाहुणे गेले.

दार लावल्यावर बारकू मोहरीजवळ जमिनीवर बसला. ती सफरचंदं लहानमोठी लावत होती.

“मघाशी साहेबांना काय म्हणालीस गं?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. “माझ्या... पुढे काय?”

“बाबांना.”

“हां. मग आता म्हण ना एकदा. नुसतंच.”

मोहरीने त्याच्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

“बारकू,” ती समजावून सांगत म्हणाली, “ते लोक गेले ना आता.”

बारकू उठला. खोलीत जाऊन गुंडीच्या पायावरची पट्टी उगाच सारखी करू लागला.

“काय गं,” तो म्हणाला, “साहेबांना रविवारी जेवायला बोलवूया का?”

“का रे?”

“असंच. आणि स्टोअरकीपरला पण.”