अंगठा हलवा, मग मरा

आमच्या कलाघराच्या रंगमंचावर कुणाला मरायचं असेल तर पायाचा अंगठा हलवत मरावं लागतं. नियमच आहे तसा. कुठे लिहिलेला नाही, पण दामूकाका पडद्याच्या दोरीपाशी उभे असतात आणि ज्या मेलेल्याचा अंगठा हलत नाही, त्याच्यावर सरळ पडदा पाडतात. एकदा ऐन लढाईत सेनापती पडला आणि अंगठ्याचं विसरला. पडदा आला खाली. ती लढाई कोण जिंकलं, ते शहापुरात अजून कुणालाही माहीत नाही.

कलाघर म्हणजे पूर्वीची भातगिरणी. गावातल्या मंडळाने ती घेतली, रंगवली, आणि आता तिथे तबल्याचा क्लास चालतो, चित्रांचा चालतो, पोरींच्या नाचाचा चालतो. मधल्या दालनात प्रदर्शनं लागतात, त्याच्याच मागच्या टोकाला रंगमंच. पावसाळ्यात भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. मी तिथली व्यवस्थापक. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी माझा पदवीचा फोटो देवांच्या ओळीत लावलाय, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. दामूकाका माझ्या हाताखाली आहेत असं मंडळ म्हणतं. प्रत्यक्षात आम्ही सगळे त्यांच्या नजरेखाली असतो.

काका राहतात मुरबाडकडे, एकटेच. रोज जीपने येतात. सडपातळ माणूस, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाय मात्र अनवाणी. चप्पल दाराबाहेर काढून ठेवतात, कारण चप्पल घालून पळता येत नाही. "पळायचंय कशाला काका?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सांगता नाय येत," काका म्हणाले.

हे त्यांचं कायमचं वाक्य. छताचा पत्रा नवा आहे, सांगता नाय येत. वायरिंग परवाच तपासलं, सांगता नाय येत. पोरींच्या नाचाच्या वेळी ते दारात उभे राहून घुंगरांकडे बघत नाहीत, छत पेलणाऱ्या कैच्यांकडे बघतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, हे गृहस्थ देवाचं काही करतायत का? मी म्हणते, हो.

तबल्याच्या मास्तरांना त्यांनी सगळ्यात जास्त छळलंय. तबला वाजतोय तोवर काका अंगणात झाडू मारत असतात. वाजायचा थांबला की झाडू थांबतो, आणि पुढच्या क्षणी खिडकीत काकांचं डोकं.

"का थांबलं?"

"पाणी पितोय हो."

"बरं. प्या. पन पोरांना वाजवत ठेवा."

आता मास्तर पाणी पिताना डाव्या हाताने डग्ग्यावर एक बोट मारत राहतात. उगाच खिडकीत डोकं नको.

तानसा तलावाच्या चित्राचं तर सांगायलाच हवं. आमच्याकडे एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन लागलं होतं. त्यात मोठं चित्र तानसाचं: पहाट, धुकं, निळं पाणी, आणि मधोमध एक रिकामी नाव. लोक म्हणत, काय शांत वाटतं बघून. काका सकाळी दालन उघडायचे आणि त्या चित्राशी येऊन थांबायचे. तिसऱ्या की चौथ्या सकाळी त्यांनी चित्रकाराला गाठलं.

"यातला मानूस कुठे गेला?"

"माणूस नाहीच काका. एकांत दाखवलाय."

"नाव तिथवर आपसूक गेली?"

चित्रकाराने त्यांना अर्धा तास एकांत समजावला. काकांनी ऐकून घेतला. मग हळूच म्हणाले, "पन पोहता येत होतं का त्याला?" शेवटी त्या पोराचाच धीर सुटला. प्रदर्शन संपायच्या आत त्याने काठावरच्या गवतात एक माणूस काढला, टॉवेलने डोकं पुसणारा. त्याच दुपारी काका बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

हसायला येतं, मीही हसते. पण या माणसाच्या शेजारी रोज उभं राहून बघा. मी शिकलेली, असल्या भयाबियाला मानत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. आता सुट्टीच्या दिवशी बाबा दुपारचे ओटीवर झोपलेले असतात आणि मी भांडी घासता घासता त्यांच्या पायाकडे बघते. अंगठा हलेस्तोवर हातातली कढई हातातच राहते.

त्यांचा आणखी एक नियम म्हणजे मिस्ड कॉल. कलाघरातून जो कोणी घरी जाईल, त्याने पोचल्यावर काकांना मिस्ड कॉल द्यायचा. काका तो उचलत नाहीत. एकदा वाजला की झालं, माणूस पोचला. नाचाच्या पोरी देतात, मास्तर देतात, प्रदर्शनाला आलेले कल्याणचे पाहुणेसुद्धा देतात. एखादा विसरला तर काका त्याच्या घरी फोन करून सगळं घर उठवतात. एवढे फोन येतात, पण त्यांच्याशी बोलत कुणीच नाही.

यंदा मंडळाने ठरवलं, आपलं स्वतःचं नाटक करायचं. बसवायला कल्याणहून एक सर आले. गोष्ट आमच्याच भागातली: आई मरते, आणि तिचा देह घरात असतानाच दोघे मुलगे गोदामवाल्याला जमीन द्यायची की नाही यावर भांडत बसतात. आई पहिल्या पाच मिनिटांत मरते आणि शेवटपर्यंत मध्ये पडून राहते. आईचं काम वनिताकडे आलं. वनिता आमच्या गल्लीतली. आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते, आठवड्याआड रात्रपाळी. म्हणाली, "झोपून राहायचंय ना? मग मला द्या. घरी कोण झोपू देतंय?"

पहिल्या तालमीला सर ओरडले, "ए बाई, पाय का हलतोय?"

वनिताने पडल्या पडल्या दोरीकडे बोट दाखवलं.

सर दामूकाकांपुढे जाऊन उभे राहिले. "प्रेत अंगठा हलवतं, हे कुठे पाहिलंत तुम्ही?"

"नाय पाहिलं," काका म्हणाले. "म्हनून तर सांगतो."

सरांनी मंडळाच्या अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्षांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी दोघांना समोर बसवून तोड काढली: वनिताचे पाय विंगेकडे करायचे, अंगावर चादर घालायची, आणि काकांच्या बाजूचा एकच अंगठा चादरीबाहेर. प्रेक्षकांना दिसणार नाही, काकांना दिसेल. "पण दामू," अण्णा म्हणाले, "या खेळात तू मध्येच पडदा पाडलास तर दोरी दुसऱ्याच्या हातात देईन. मग तू गेटवर बस."

काकांनी मान हलवली. गेटवरून रंगमंच दिसत नाही. तो दिसला नाही तर हा माणूस रोज कलाघरात काय करील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो परत येऊ दिला नाही.

खेळ रविवारी दुपारी ठेवला. अंधार पडल्यावर कार्यक्रम नकोत हाही काकांचाच हट्ट. लोकांना दिवसाउजेडी घरी जाता यावं. दालन भरलं. पुढच्या रांगेत अण्णा. मी काकांच्या समोरच्या विंगेत, संहिता हातात धरून, कुणी विसरला तर सांगायला. वनिता कंपनीतून परस्पर आली होती. आदल्या रात्रीची पाळी दुपारपर्यंत लांबलेली, डोळे लाल. सर खूश. म्हणाले, आजारी आई अगदी खरी वाटतेय.

आई मेली. मुलगे रडले, मग भांडायला लागले. अंगठा हलत होता. मला माझ्या बाजूने तो दिसत नव्हता, पण काकांचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. भांडण रंगलं. थोरला म्हणाला, मी देणार, धाकटा म्हणाला, माझी सही नाय मिळणार. प्रेक्षकांत कुणीतरी "बरोबर बोलला" म्हणालं.

आणि काकांचा चेहरा बदलला.

त्यांनी मान पुढे काढली. एका हाताने दोरी घट्ट धरली, एवढी की मला वाटलं, पाडला आता पडदा. मी लांबून हात हलवून नको नको म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. असं भ्यालेलं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग मीही वनिताकडे बघितलं, आणि चादर वरखाली होतेय की नाही ते मला कळेना. आदल्या रात्रीची पाळी, पोटात काही नाही, वर दिव्यांचा उकाडा.

काकांनी दोरी सोडली. पडदा पाडला नाही. ते चालत रंगमंचावर आले.

इतकी वर्षं हा माणूस दिव्यांच्या उजेडात एक पाऊल आला नव्हता. सत्काराला बोलावलं तर मुतारीत लपला होता. तो अनवाणी, भरल्या दालनासमोर, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधून गेला, वनिताच्या पायांशी खाली बसला आणि त्याने तिचा अंगठा दोन्ही हातांत धरला.

थोरला आपलं वाक्य विसरला, आणि मी ते सांगायचं विसरले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, हा बाप. इतका वेळ मागच्या पडवीत बसलेला असणार.

चादर हलली. वनिताचा आवाज मला ऐकू आला, झोपेतला, पुटपुटलेला. "काका, डोळा लागला."

"झोप," काका म्हणाले. "मी हाय."

आणि तिथेच बसून राहिले. धाकट्याने सावरून शेवटचं वाक्य म्हटलं, दिवे मंदावले, आणि पडदा काही पडेना. पाडणारा रंगमंचावर बसला होता. मी मागच्या बाजूने धावत गेले आणि दोरी ओढली. ती इतकी जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

टाळ्या खूप वेळ चालल्या. सर आत आले ते ओरडायलाच, पण अण्णा त्यांच्या मागोमाग डोळे पुसत आले आणि म्हणाले, "तो बाप आणायचं कुणाला सुचलं हो?" सरांनी घसा साफ केला. मग काकांना म्हणाले, "पुढच्या खेळालाही हे ठेवू या."

"ती झोपली तर येईन," काका म्हणाले आणि दोरीची गाठ तपासायला गेले.

संध्याकाळी मी त्यांना मुरबाडच्या जीपपर्यंत सोडायला गेले. एरवी जात नाही. जीप भरायची होती. काका आत न बसता मागच्या चाकाकडे बघत उभे होते.

"गो मॅडम," ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ व्हता. सदू. गावच्या जत्रेतल्या नाटकात त्याला असंच मेल्याचं काम. लय हलायचा. तालमीत लोक हसायचे त्याला. मी तवा बी दोरीवर. मी त्याला दम दिला, आज हललास तर घरात घेनार नाय."

जीपवाला "मुरबाड, मुरबाड" ओरडत होता.

"नाय हलला," काका म्हणाले. "छातीत काय झालं का जनावर चावलं, कोनाला कळलं नाय. लोक म्हनले, काय काम करतोय पोरगा. टाळ्या वाजवल्या." त्यांनी चाकाला पायाने चाचपून बघितलं. "मी पन वाजवल्या."

यावर काय म्हणायचं, ते पदवीला शिकवत नाहीत. जीप भरली, काका कडेला चेंगरून बसले, आणि सवयीने म्हणाले, "पोचलीस की मिस्ड कॉल दे."

"देते. तुमीपण द्या, पोचलात की."

"मी?"

"हो, तुमी."

"मला कोन इचारतंय?" असं म्हणून ते हसले, आणि जीप निघाली.

मी घरी पोचले, त्यांना मिस्ड कॉल दिला. मग फोन ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले. बाबा नाटकाचं विचारत होते, मी हो-नाही करत होते. मुरबाडचा रस्ता, वळणं, समोरून येणारे गोदामांचे ट्रक, कडेला चेंगरून बसलेला म्हातारा. हा माणूस रोज संध्याकाळी एवढ्या सगळ्यांसाठी असा बसत असतो, एकट्या घरात, फोनकडे बघत.

आई म्हणाली, "जेव गो, भाकर गार झाली."

तेवढ्यात फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी उचलला नाही, उचलायचा नसतो. मी भाकरी मोडली.

मग तो पुन्हा एकदा वाजला, आणि बंद झाला. काकाच. पहिला मिळाला की नाही, सांगता नाय येत.